कर्नल कोसळतोय: स्लब डीबग लावावं की केसॅन?

रावेरला केळी पिकवण्याच्या चेंबरमध्ये तापमान नोंदवणारी आमची सहा यंत्रं आहेत. लिनक्सवर चालतात, यूएसबी सेन्सरचा ड्रायव्हर (सेन्सर आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, यांना जोडणारा कोड) आम्हीच लिहिलेला. उन्हाळ्यात लाइट गेली-आली की त्यातलं एखादं तासाभरात कोसळायचं. ऊप्स (कर्नल गडबडला की देतो तो संदेश) दर वेळी नव्या ठिकाणी, कधी फाइल सिस्टिममध्ये, कधी नेटवर्कमध्ये. मेमरी कुणीतरी खराब करतंय, एवढं त्यावरून कळत होतं. स्लब डीबग आणि केसॅन ही असा घोटाळा पकडणारी कर्नलमधलीच दोन साधनं.

स्लब डीबगची सोय मोठी. बहुतेक डिस्ट्रोंच्या (लिनक्सच्या तयार संचांच्या) कर्नलमध्ये ते असतंच. जळगावला घरी बसून लॉगिन केलं, बूटच्या ओळीत पर्याय टाकला आणि रीबूट केलं. दुसऱ्याच दिवशी रिपोर्ट आला. मोकळ्या मेमरीत खूण म्हणून ६बी, ६बी (हेक्स आकडे) भरलेलं असतं, त्यात एका जागी ६ए. म्हणजे सोडून दिलेल्या ऑब्जेक्टचा (मेमरीच्या तुकड्याचा) रेफरन्स काउंट, म्हणजे तो किती जण वापरताहेत तो आकडा, कुणीतरी एकने उतरवलेला. ऑब्जेक्ट कुणी घेतला, कुणी सोडला, तेही त्यात होतं. पण उतरवला कुणी, ते नाही! हे तपासणं होतं बहुधा तोच ऑब्जेक्ट पुन्हा वाटायच्या वेळी, तोवर लिहिणारा निघून गेलेला. बागेत घड कापून नेलेला दिसावा आणि नेणारा दिसू नये, तसं. आमच्या ड्रायव्हरमध्ये तो काउंट चार ठिकाणी उतरत होता. चारही जागा वाचण्यात माझे आठ दिवस गेले, हाती काही लागलं नाही. माझं मन फिरलं ते इथेच.

केसॅनला कर्नल नव्याने कंपाइल करावा लागतो, यंत्र मंदावतं, आणि एक अष्टमांश मेमरी त्याच्या नोंदींत जाते. आमच्या १ जीबीच्या बोर्डवर १२८ एमबी गेले. टायमिंग बदलल्यामुळे एखादा बग लपूही शकतो, हे मान्य. पण घरच्या टेबलावर सेन्सरची केबल तीनदा उपसली आणि चुकीचा हात पडला त्याच क्षणी रिपोर्ट आला: हात कुणाचा, ऑब्जेक्ट घेतला कुणी, सोडला कुणी, तिन्ही स्टॅक (कोड तिथवर कोणत्या फंक्शनांतून आला ती साखळी) एकत्र. केबल निघाल्यावर रांगेतलं डिलेड वर्क (थोड्या वेळाने करायचं म्हणून ठेवलेलं काम) आम्ही रद्दच करत नव्हतो. दुरुस्ती एका ओळीची निघाली.

केफेन्स हे असंच तिसरं साधनही आहे, कर्नल ५.१२ पासून. ओझं जवळजवळ नाही, पण ते नमुन्यादाखल मोजकेच ऑब्जेक्ट राखतं. शेकडो यंत्रं असतील तर जरूर लावा, सहा यंत्रांवर मला तेवढा धीर नव्हता.

कर्नल बदलण्याची मुभाच नसेल तर स्लब डीबगने सुरुवात करणं रास्त. तुमचा बग वेगळा असेल, अनुभवही वेगळा येईल. पण कंपाइल करता येत असेल आणि घोटाळा टेबलावर घडवता येत असेल, तर मी पहिल्याच दिवशी केसॅन लावीन.