टिळकवाडी ते मांद्रे: वारा बघून निघणारी काइटबोर्डिंग ट्रिप

गोव्याची ट्रिप विकणारे बेळगावात गल्लोगल्ली आहेत. वारा बघून ट्रिप ठरवणारे मला पहिल्यांदाच भेटले. टिळकवाडीतली दोन तरुण पोरं फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत लोकांना गोव्यातल्या मांद्र्याला काइटबोर्डिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने फळीवर उभं राहून पाण्यावरून जाणं, शिकायला नेतात. शिकवायला तिथले आयकेओ (या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना) प्रमाणित प्रशिक्षक असतात. गाडी, राहणं, जेवण आणि माणसं जमवणं या दोघांकडे.

गाडी नाष्टा करून निघते. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत तीन-साडेतीन तासांचा रस्ता. आमच्यातल्या एकांनी पहाटे निघायचा आग्रह धरला, तर पोरगा म्हणाला, "कशाला गडबड काका, वारा दुपारशिवाय येत नाही की!" ते खरंच आहे. ऊन चढून जमीन तापली की तिच्यावरची हवा वर उठते आणि समुद्राची हवा आत येते. या दिवसांत ती वायव्येकडून येते, म्हणजे तिरकी किनाऱ्याकडे. शिकणाऱ्याला हीच दिशा हवी, कारण हातातून काही निसटलं तरी वारा वाळूकडेच आणून सोडतो. सकाळचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि तो नवख्याला आत ओढून नेऊ शकतो. म्हणून सकाळी पाण्यात कोणालाच उतरू दिलं नाही. मागे एका बाहेरच्या कंपनीने मला डिसेंबरात अशीच ट्रिप विकली होती. तेव्हा दिवसभर नुसती वाळू तुडवली आणि एक पैसा परत मिळाला नाही. इथे वारा पडला तर उरलेले तास पुढच्या खेपेला मिळतात, आणि ही अट पैसे घेण्याआधीच सांगतात.

या ट्रिपची खरी सुरुवात बेळगावातच होते, आणि मला तीच सगळ्यात जास्त आवडली. निघण्याआधी एका संध्याकाळी मैदानावर छोटा ट्रेनर काइट हातात देतात. जानेवारीत पतंग महोत्सवाला माना वर करून उभं राहणारं आपलं गाव, पण माणसाला ओढून नेणारा पतंग वेगळाच. घड्याळाच्या काट्यांवर वारा समजावतात: बाराला काइट डोक्यावर आणि शांत, समोर खाली आणला की सगळी ताकद. ही समज अंगात भिनली की पाण्यावरचे तास वाया जात नाहीत.

उद्यमबागेत माझं मशीन शॉप आहे, त्यामुळे माझं लक्ष सामानावर. खऱ्या काइटला चार दोऱ्या. पुढच्या दोन थेट कमरेच्या हार्नेसला, म्हणजे पट्ट्याला, मागच्या दोन हातातल्या बारला, म्हणजे आडव्या दांड्याला. बार सोडला की मागच्या दोऱ्या सैल पडतात, काइटचा कोन बदलतो आणि वारा त्यावरून निसटतो. तेवढ्याने भागलं नाही तर क्विक रिलीज, म्हणजे काइटची ओढ झटक्यात सोडवणारी कळ, पुढे ढकलायचा, आणि शेवटचा उपाय म्हणून लीश, म्हणजे काइटला अंगाशी बांधून ठेवणारी दोरीही सोडायची. प्रशिक्षकाने प्रत्येकाकडून क्विक रिलीज वाळूवर उघडून पुन्हा जोडून घेतला, डोळे मिटूनसुद्धा. निपाणीहून आलेल्या एका मुलीचा रिलीज जोडताना करकरला. त्याने लगेच बाटलीतलं गोडं पाणी ओतून आतली वाळू काढली आणि तिच्याकडून परत जोडून घेतला. मशिनीवर काम करणाऱ्याला यातून माणसाची शिस्त कळते.

मोरजी-मांद्रे पट्ट्यात याच दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. कुंपण घातलेल्या जागांपासून आणि रापणकारांच्या (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या) जाळ्यांपासून लांबच काइट उभारायचा, हा नियम त्यांनी काटेकोर पाळला. हेल्मेट आणि जॅकेट सगळ्यांना होतं.

आता नाराजी. मोबाइलवर फिरणाऱ्या जाहिरातीत हवेत उंच उडालेला माणूस आणि "वीकेंडला शिका" अशी ओळ आहे. वीकेंडला काइट हाताळणं आणि बॉडी ड्रॅग, म्हणजे फळीशिवाय काइटने पाण्यातून ओढलं जाणं, एवढं येतं. नशीब असेल तर फळीवर उभं राहता येतं. स्वतंत्रपणे चालवायला साधारण 9 ते 12 तासांचं शिक्षण लागतं. फोनवर ही पोरं हे प्रामाणिकपणे सांगतात, मग जाहिरातीत का नाही? चिकोडीचे एक डॉक्टर उडायच्या आशेने आले होते आणि पहिल्या दिवशी हिरमुसले.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. संमतीपत्र फक्त इंग्रजीत आहे. गाडीत निम्मे मराठी, निम्मे कन्नड बोलणारे. जिवाशी संबंधित कागदावर माणूस सही करतो, तो त्याला वाचता आलाच पाहिजे. दोन्ही भाषांत छापायला फार खर्च येत नाही. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं आहे आणि इथेही लिहितो.

पावसाळ्यात आपला किनारा खवळलेला असतो, तेव्हा रामेश्वरमची ट्रिप काढायचा त्यांचा विचार आहे. तिथे उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा आणि ऑक्टोबर ते मार्च ईशान्येचा वारा असतो, आणि नवख्यांना लागणारं सपाट पाणीही आहे. ती ट्रिप मात्र आठवड्याची करा, वीकेंडमध्ये कोंबू नका.

पोहता येत असेल आणि गुडघे धड असतील तर पन्नाशीतल्यांनीही जावं. जेवण साधं पण ताजं, खोल्या स्वच्छ. बुकिंग करताना प्रशिक्षकामागे किती शिकणारे असतील ते विचारा. आमच्या वेळी दोघांमागे एक होता. त्याहून जास्त सांगितले तर पुढची तारीख घ्या.