मार्क्स अँड स्पेन्सर: कपडे चांगले, पण पासवर्ड बदलून मिळण्याची खिडकी सैल

ब्रिटनमध्ये शाळेचा गणवेश, थंडीचे थर्मल किंवा ऑफिसचे शर्ट घ्यायचे म्हटले की मार्क्स अँड स्पेन्सरचे नाव आधी निघते. कापड आणि शिलाईबद्दल इथे लिहायचे नाही, त्याबद्दल फारशी तक्रारही नाही. प्रश्न असा आहे, की एप्रिल 2025 च्या सायबर हल्ल्यात या दुकानाची सेवा कशी टिकली आणि आता तिथे आपली माहिती द्यावी का?

ईस्टरच्या सुट्टीत आधी कॉन्टॅक्टलेस पेमेंट आणि ‘क्लिक अँड कलेक्ट’ अडखळले. 25 एप्रिलला कंपनीने वेबसाइट आणि अॅपवरच्या ऑर्डर घेणे थांबवले. त्या 10 जूनला पुन्हा सुरू झाल्या, त्याही निवडक कपड्यांपुरत्या. उत्तर आयर्लंडला आणखी थांबावे लागले. ‘क्लिक अँड कलेक्ट’ तर थेट 11 ऑगस्टला परतले. दुकानांचे दरवाजे मात्र एकही दिवस बंद नव्हते, आणि काउंटरवरच्या माणसांना याचे पूर्ण श्रेय द्यायला हवे.

दुकान उघडे आहे म्हणजे धंदा चालू आहे, असे मात्र नव्हे. कोणत्या शाखेत कोणता माल किती उरला, उद्या किती पाठवायचा, हे संगणक ठरवत असे. ती यंत्रणा खबरदारी म्हणून बंद केल्यावर हिशेब कागदावर आला. खाद्यपदार्थांत काही शेल्फ रिकामी राहिली, तर दुसरीकडे माल वाया गेला. कपड्यांत दुखणे वेगळे असते. एकाच शर्टाचे सात साइझ आणि चार रंग म्हटले की अठ्ठावीस वेगळे नग होतात, आणि साठ्याचा आकडा चुकला की गोदाम भरलेले असूनही गिऱ्हाइकाला हवा तो साइझ मिळत नाही. ऋतू सरला की तोच माल सेलमध्ये काढावा लागतो. मे महिन्यात कंपनीने नफ्याला सुमारे 30 कोटी पौंडांचा फटका बसेल असा अंदाज दिला. सप्टेंबर 2025 ला संपलेल्या सहामाहीत करपूर्व नफा 39.19 कोटी पौंडांवरून 34 लाखांवर आला, आणि तोही विम्याचे 10 कोटी धरून.

चोर आत शिरला कसा? अध्यक्ष आर्ची नॉर्मन यांनी जुलैमध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीला सांगितले, की कुणाचे तरी सोंग घेऊन हल्लेखोर शिरले आणि त्यात एका तिसऱ्या कंपनीचाही धागा होता. हेल्प डेस्कची, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या संगणक आणि पासवर्डच्या अडचणी फोनवर सोडवणारी सेवा तेव्हा टीसीएस (टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस) या भारतीय आयटी कंपनीकडे होती, म्हणून तिच्याकडे बोट दाखवले गेले. आपल्या यंत्रणा किंवा वापरकर्ते यांना बाधा झाली नाही, असे टीसीएसने जाहीर केले.

या प्रकारच्या हल्ल्याची रीत ठरलेली असते. चोरटा हेल्प डेस्कला फोन करतो, कर्मचाऱ्याचे नाव, हुद्दा, कर्मचारी क्रमांक अचूक सांगतो, ‘फोन हरवलाय, दोन मिनिटांत मीटिंग आहे’ म्हणून घाई करतो आणि पासवर्डसोबत ओटीपीचा मोबाइलही बदलून घेतो. पुढे जास्त अधिकारांची खाती मिळवायची, बॅकअप निकामी करायचा, डेटा बाहेर न्यायचा आणि शेवटी सर्व्हर कुलूपबंद करायचे, म्हणजे त्यांवरच्या फाइली सांकेतिक करून खंडणीसाठी अडवायच्या. फोन घेणाऱ्याचे मोजमाप ‘कॉल किती लवकर संपवला’ यावर असेल तर तो घाईला बळी पडणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, दोष त्या मोजमापाचा आहे.

उपाय महागडे नाहीत. फोन ठेवायचा आणि नोंदवहीतल्या जुन्या क्रमांकावर उलट कॉल करायचा. साहेबाचा होकार वेगळ्या मार्गाने घ्यायचा. पासवर्ड आणि ओटीपीचे साधन एकाच कॉलमध्ये कधीच बदलायचे नाही. अॅडमिन खात्यांना, म्हणजे सगळी यंत्रणा बदलू शकणाऱ्या खात्यांना, फोनवरून रिसेट ठेवायचाच नाही, त्यांना हार्डवेअर की (लॉगिनसाठी संगणकाला जोडायची छोटी किल्ली) द्यायची. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवी, आणि ती परत चढवून पाहिलेली हवी. बिलिंग, गोदाम आणि वेबसाइट यांच्यात भिंती असतील तर एक बंद पडले तरी बाकीचे सुरू राहते. त्याच सुमारास हल्ला झालेल्या को-ऑप या ब्रिटिश सहकारी दुकानसाखळीने आपली यंत्रणा लगेच स्वतःहून बंद केली आणि सर्व्हर कुलूपबंद होण्यापासून वाचवले. 65 लाख सभासदांची माहिती मात्र तिथूनही गेली.

आता ग्राहकाच्या माहितीबद्दल. ती चोरीला गेल्याचे 13 मे रोजी सांगितले गेले. ऑर्डर बंद होऊन तेव्हा अठरा दिवस झाले होते. त्या काळात बनावट ईमेल आले असते तर ग्राहक बेसावध होता, आणि या परीक्षणात सर्वांत जास्त गुण इथेच कापावे लागतात. नाव, पत्ता, फोन, ईमेल, जन्मतारीख, जुन्या ऑर्डरी असे बरेच काही गेले. कार्डाचे वापरता येतील असे तपशील आणि पासवर्ड गेले नाहीत, असे कंपनीने स्पष्ट केले. पूर्ण कार्ड क्रमांक आपल्याकडे न साठवल्याचा तो फायदा. पण पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख नाही. वाढदिवसाच्या सवलतीसाठी दुकानाला जन्मतारीख का द्यायची, याचे पटेल असे उत्तर आम्हाला सापडत नाही.

तिथे खाते असेल तर पासवर्ड बदला, आणि तोच पासवर्ड आणखी कुठे असेल तर तिथेही बदला. जन्मतारखेचा रकाना सोडता येत असेल तर सोडा. जुन्या ऑर्डरचा उल्लेख करून परताव्याची लिंक पाठवणारा ईमेल आला तर ती लिंक उघडू नका, अॅपमध्ये जाऊन ऑर्डर तपासा. दुकानात जाऊन खरेदीला पूर्ण पसंती आहे. ऑनलाइन खरेदी जमल्यास गेस्ट म्हणून (खाते न उघडता), कार्ड न साठवता करा.