नऊ महिने गूगलच्या नकाशावर: रंकाळ्याजवळच्या एका छोट्या ट्रॅव्हल्सचा अनुभव

आमची ट्रॅव्हल्स म्हणजे कोल्हापुरात रंकाळा स्टँडजवळ एक चिंचोळा गाळा, स्वतःच्या दोन गाड्या (एक अर्टिगा, एक डिझायर) आणि मोठा ग्रुप आला तर पप्पांच्या मित्राची सतरा सीटर. गाड्या पप्पा आणि भाऊ चालवतात. फोन आणि हिशेब माझ्याकडे, आणि गेल्या जूनपासून गूगल बिझनेस प्रोफाइलही माझ्याकडेच. नकाशावर दुकानाचं नाव, फोटो, तारे, फोनचं बटण दिसतं ना, ते म्हणजे हे. नोंद करायला एक रुपया लागत नाही. वेळ मात्र जातो, आणि मी तर मध्ये पैसेही घालवले. ते पुढे येईलच.

नोंद खरी आहे हे पटवून द्यायला व्हिडिओ काढावा लागला. एका दमात, न तोडता: गल्ली, आजूबाजूची दुकानं, आपला बोर्ड, मग कुलूप उघडून आत. पहिल्या वेळी भावाने शटर, टेबल, गणपतीचा फोटो सगळं घेतलं, बोर्ड तेवढा राहिला. दुसऱ्यांदा पाठवला, झालं.

मग सुरू झाला पप्पांचा नाद. रोज सकाळी गाळ्यात बसून ‘ट्रॅव्हल्स निअर मी’ टाकायचं आणि मला हाक मारायची, “बघ गं, आपण पैल्या नंबरला!” मलाही महिनाभर ते खरं वाटलं. मग एकदा सांगलीहून येताना मध्यवर्ती बसस्थानकावर उतरले आणि उगाच तेच शब्द टाकले. आमचं नाव शोधता शोधता अंगठा दुखला. दाभोळकर कॉर्नर, शाहूपुरी, स्टेशन रोड, सगळ्यांची नावं आली, आमचं नाही.

यात गौडबंगाल काही नाही. क्रम कसा लागतो हे गूगलनेच लिहून ठेवलंय: शोधलेल्या शब्दांशी तुमची नोंद किती जुळते, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात, आणि तुमचं नाव किती झालंय. पप्पा गाळ्यात बसून शोधणार, तर अंतर शून्य. पहिले येणारच की! स्टेशनवर उतरलेल्या माणसासाठी आम्ही रंकाळ्यावर, आणि त्याच्या पायाशी पंधरा गाडीवाले. तिथे आमचा पाड लागणार नाही. सेवा देतो ते भाग म्हणून वीसपर्यंत गावं टाकता येतात. मी पन्हाळा, इचलकरंजी, सांगली, मिरज सगळं भरलं, पण त्यामुळे मिरजेत आम्ही वर आलो असं काही झालं नाही. म्हणून अंतराचा नाद सोडला आणि शब्दांच्या मागे लागले. नऊ महिन्यांत जे काही हाती लागलं, ते तिथेच.

सुरुवात प्रकारापासून, म्हणजे नोंदीत आपला धंदा कोणता दाखवायचा तिथून. एक मुख्य प्रकार निवडायचा असतो, शिवाय नऊपर्यंत जोडप्रकार घेता येतात. मी ‘ट्रॅव्हल एजन्सी’ निवडला, कारण बोर्डवर ट्रॅव्हल्स आहे. फोन आले ते पुण्याच्या स्लीपर बसचे, विमान तिकिटाचे, एकाने तर पासपोर्टचं विचारलं. मग हावरटासारखं ‘कार रेंटल’ पण जोडलं. आता पोरं विचारायला लागली, “ताई, सेल्फ ड्राइव्ह देता का? गोव्याला जायचंय, ड्रायव्हर नको.” पप्पांची अर्टिगा ड्रायव्हरशिवाय! ते काढलं. आता मुख्य ‘टूर ऑपरेटर’ आणि जोडीला ‘टॅक्सी सर्व्हिस’. तिकिटाचे फोन जवळजवळ थांबले. फोन कमी झाले म्हणून पप्पा आठवडाभर घुश्शात होते, पण गाड्या पूर्वीपेक्षा जास्त बाहेर जात होत्या.

खरा धडा प्रोफाइलच्या अहवालात सापडला. लोकांनी कोणते शब्द टाकले आणि त्यातून तुमची नोंद दिसली, याची यादी तिथे महिन्यागणिक मिळते (अगदी थोड्या वेळा आलेल्या शब्दांपुढे नेमका आकडा नसतो, ‘१५ पेक्षा कमी’ एवढंच असतं). आम्ही कोल्हापूरकर देवीला ‘अंबाबाई’ म्हणतो. माझ्या वर्णनात, फोटोंखाली, सगळीकडे अंबाबाईच होती. यादीत मात्र ‘महालक्ष्मी’. हैदराबादचा, बेळगावचा, तिरुपतीहून हरिप्रिया एक्स्प्रेसने येणारा माणूस ‘महालक्ष्मी टेंपल कोल्हापूर कॅब’ असंच टाकतो. नावाचा वाद आपल्या गावात किती तापतो ते सांगायला नको. घरात पण तापला. पप्पा म्हणाले, “आईचं नाव बदलायचं नाही.” बदललं नाहीच, ‘अंबाबाई (महालक्ष्मी)’ असं दोन्ही लिहिलं. तसंच नरसोबाच्या वाडीचं. आपण नुसतं ‘वाडी’ म्हणतो, बाहेरचे ‘नृसिंहवाडी’, ‘नरसोबावाडी’ काहीही लिहितात. जोतिबाला आपण ‘डोंगर’ म्हणतो. ‘डोंगराला जायची गाडी’ असं गूगलवर कोण शोधणार?

आणखी एक. बाहेरगावचा माणूस आधी गाडी शोधतच नाही. तो शोधतो ‘कोल्हापूर वन डे ट्रिप’, ‘खिद्रापूर आणि नृसिंहवाडी एका दिवसात होतं का’. म्हणून भावाच्या मित्राकडून साधी वेबसाइट करून घेतली आणि प्रत्येक फेरीला वेगळं पान दिलं. वाडी-खिद्रापूरच्या पानावर किती वाजता निघायचं, कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात ऊन कधी चांगलं असतं, जेवण कुठे, परत किती वाजता, हे लिहिलं. भाड्यात टोल आणि ड्रायव्हर भत्ता धरलाय की नाही, तेही लिहिलं. पन्हाळा-जोतिबाचं वेगळं, दाजीपूरचं वेगळं (पावसाळ्यात अभयारण्य बंद, हे पहिल्याच ओळीत). ‘कोल्हापूर’ हे नाव शोधात असलं की अंतर शोधणाऱ्याच्या घरापासून नाही, गावापासून मोजलं जातं, त्यामुळे हैदराबादच्या माणसाला आम्ही दिसू शकतो. स्टेशनवर उतरलेला माणूस आम्हाला मिळत नाही, पण आठ दिवस आधी घरी बसून ठरवणारा मिळतो. धंदा त्याच्याकडूनच जास्त, कारण तो दोन दिवसांची गाडी सांगतो.

२०२५च्या जुलैत पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. त्याच आठवड्यात मी पन्हाळ्याचं पान सुधारलं. तीन दरवाजा, सज्जाकोठी, अंबरखाना असं ठिकाणवार लिहिलं, वयस्कर माणसांना कुठे कमी चालावं लागेल तेही. ऑगस्टमध्ये कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी, सोलापूरकडून पक्षकार यायला लागले. त्यांच्यासाठी वेगळं पान करायचं डोक्यात होतं, अजून झालेलं नाही. आळस, दुसरं काय.

आता पैसे घालवल्याची गोष्ट. ऑगस्टमध्ये एक मार्केटिंगवाला आला. नाव सांगत नाही. ‘तीन महिन्यांत पहिला नंबर, लेखी गॅरंटी’ म्हणाला, निम्मे पैसे आगाऊ घेतले आणि खात्याचा मुख्य मालक म्हणून स्वतःचा ईमेल टाकला. मी फक्त मॅनेजर. ही पहिली चूक माझी. मग आमच्या नावापुढे त्याने ‘बेस्ट कॅब कोल्हापूर पन्हाळा जोतिबा टॅक्सी’ अशी शेपटी लावली. बोर्डवर नाही ते नावात घालायचं नाही, हा नियम आहे. मी तो वाचला नव्हता. दुसरी चूक. नवरात्रात, तिसऱ्या माळेला, सकाळी बघते तर नोंद निलंबित. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी आणि आम्ही नकाशावर नाहीच! मार्केटिंगवाल्याचा फोन ‘स्विच ऑफ’.

मालकी परत मागून घेतली, नाव बोर्डवर आहे तेवढंच ठेवलं, अपील केलं. इथे एक लक्षात ठेवण्यासारखं: अपिलासोबत पुरावे जोडायचा फॉर्म उघडला की फक्त साठ मिनिटं मिळतात. शॉप अ‍ॅक्ट, उद्यम नोंदणी, गाळ्याचं लाइट बिल, बोर्डचा फोटो हे सगळं आधी मोबाइलमध्ये घेऊन मगच बसा. आमचं लाइट बिल गाळामालकाच्या नावावर निघालं, त्या तासात भाडेकरार शोधताना आईने अख्खं कपाट रिकामं केलं. नोंद परत दिसायला लागली तेव्हा देवीच्या मांडवाचे बांबू निघाले होते.

परीक्षणांबद्दल लोक फार विचारतात. पाच तारे दिले तर भाड्यात सूट, असं काही जण करतात. नियमाविरुद्ध आहे, आणि वाचणाऱ्याला कळतंही: एकाच दिवशी ‘नाइस सर्व्हिस’ची वीस परीक्षणं. आम्ही सीटच्या मागे क्यूआर कोड चिकटवला, त्याचा उपयोग शून्य. कुणी धावत्या गाडीत बसून लिहीत नाही. उपयोग झाला तो संध्याकाळच्या निरोपाचा. सोडून आल्यावर तासाभराने व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक, आणि सोबत एकच ओळ: ‘आज कुठे कुठे गेलात ते लिहिलंत तर पुढच्या लोकांना उपयोग होईल.’ ‘छान’ असं लिहिण्याऐवजी लोक ‘खिद्रापूरला दीड तास थांबवलं, घाई केली नाही’ असं लिहायला लागले. काही परीक्षणं तेलुगूत, काही कन्नडात आहेत. मी भाषांतर करून वाचते आणि उत्तर त्याच भाषेत, दोन ओळींत देते. एक तारा एकदाच मिळाला, तोही दुसऱ्या कुणाच्या तरी बसचा राग. तक्रार केली पण ते निघालं नाही. खाली शांतपणे लिहिलं, “आमच्याकडे बस नाही, दोन कार आहेत.” ते परीक्षण अजून तिथेच आहे. पप्पांना अजून झोंबतं.

फोटोंत सगळ्यात जास्त चाललेला फोटो म्हणजे अर्टिगाच्या डिकीचा. मागची सीट उभी असताना किती बॅगा मावतात आणि पाडल्यावर किती, असे दोन फोटो. आधी मी इंटरनेटवरून घेतलेली, समुद्राकाठची चकचकीत इनोव्हा लावली होती. “हीच गाडी येणार ना?” असं विचारलं की उत्तर देताना लाज वाटायची.

वेळेत मी ‘चोवीस तास’ टाकलं होतं. रात्री अडीचला फोन: “जोतिबाला पहाटे किती वाजता उघडतं?” आता सकाळी सहा ते रात्री दहा. सणांना आणि किरणोत्सवाच्या दिवसांत वेगळी वेळ टाकते. पावसाळ्यात वाडीच्या मंदिरात पाणी आलं की ‘आज वाडीचा रस्ता कुठपर्यंत चालू आहे’ असं छोटं अपडेट टाकते, कारण भाऊ सकाळी तिकडून येतोच. त्या अपडेटने किती गाड्या मिळाल्या ते मोजता येत नाही. पण फोनवर “तुम्ही पाण्याचं लिहिता तेच ना?” असं विचारणारे भेटलेत.

अहवालातल्या आकड्यांवर डोळे झाकून जाऊ नका. ‘कॉल’ म्हणजे बटण दाबलं एवढंच. मी उचलला का, भाव ऐकून ठेवून दिला का, ते गूगलला कळत नाही. म्हणून वहीत रेघ मारते: फोन कुठून आला, गाडी गेली की नाही. साधारण चार फोनांत एक गाडी. वीस-पंचवीस गाड्या असणाऱ्याला हा खटाटोप फारसा लागणार नाही, त्याची कंपन्यांची कंत्राटं असतात. दोन-तीन गाड्या असतील आणि फोन उचलायला घरात कुणी असेल, तर करा. फोन उचलणारं कुणी नसेल तर राहू दे.

सध्या तेलुगूतलं पान चाललंय. मजकूर एका हैदराबादच्या काकूंनी तपासून दिला, नवरात्रात आमच्याच गाडीतून वाडीला गेल्या होत्या. त्यांनी पहिली दुरुस्ती केली ती ‘अंबाबाई’च्या स्पेलिंगची. पप्पांना अजून सांगितलेलं नाही.