दरबारातल्या एनपीसींची निष्ठा: आकडा चांगला, पण त्याला महिना कळत नाही (वर्षभराच्या वापरानंतर)

सुरुवात बिघाडापासूनच. डी अँड डी या टेबलावरच्या भूमिका-खेळाच्या २०१४च्या डंजन मास्टर्स गाइडमधला (खेळ चालवणाऱ्या डीएमसाठीच्या पुस्तकातला) निष्ठेचा पर्यायी नियम राज्य उभारणीच्या कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकींत चालणाऱ्या कथेत) आणला, की तो एका ठरावीक जागी हमखास मोडतो. एनपीसीच्या, म्हणजे डीएम चालवतो त्या पात्राच्या, निष्ठेची कमाल मर्यादा म्हणजे पार्टीतला (खेळाडूंच्या पात्रांतला) सगळ्यात जास्त करिश्मा, म्हणजे छाप पाडण्याचा गुण, आणि सुरुवात त्याच्या निम्म्यापासून. १८ करिश्म्याचा बार्ड (गायक-कवी पात्र) मेला आणि उरलेल्यांत सगळ्यात जास्त ९च निघाला, तर सगळ्यांचं छत ९वर येतं. १० किंवा जास्त असेल तर एनपीसी जिवावर उदार होतो, त्याखाली डळमळीत. म्हणजे ज्या सेनापतीचं बार्डाशी कधी पटलंच नाही, तोसुद्धा त्याच रात्री डळमळीत! चार जणांबरोबर गुहेत उतरणाऱ्या एका मशालवाल्यासाठी हा नियम ठीक आहे. दरबारात मात्र एकाच खिळ्यावर सगळी खाती टांगल्यासारखं होतं.

हा नियम काढूनच टाकावा, असं आधी मत होतं. आता तसं वाटत नाही. छत पार्टीतल्या सर्वाधिक करिश्म्याला न बांधता गादीवर बसलेल्याच्या करिश्म्याला बांधा. मग राजा बदलला की दरबार हलतो, आणि ते हलायलाच हवं. फक्त छत १२च्या खाली जाऊ देऊ नका. नाहीतर ८ करिश्म्याचा राजा म्हणजे कायमचं बंड.

खरी तक्रार दुसरीच आहे. या आकड्याला महिना कळत नाही.

पाथफाइंडर या दुसऱ्या भूमिका-खेळातल्या किंगमेकरसारख्या कॅम्पेनमध्ये राज्याची एक पाळी म्हणजे एक महिना. एका संध्याकाळी तीन-चार महिने सहज निघून जातात. नात्यांचे नियम मात्र बहुतेक सगळीकडे प्रसंगावर चालतात: डी अँड डीत जीव वाचवला, मौल्यवान वस्तू दिली, बंधाशी (एनपीसी ज्या माणसाशी किंवा ध्येयाशी बांधलेला आहे त्याच्याशी) जोडलेलं काम करून दिलं, की निष्ठा १डी४ने, म्हणजे एका चार बाजूंच्या फाशाच्या आकड्याने, वर. त्याच्या बंधाविरुद्ध वागलात तर १डी४ खाली. फसवलं किंवा स्वार्थासाठी धोक्यात घातलं तर २डी४. या यादीत ‘काहीच केलं नाही’ हा प्रसंग नाही. खजिनदाराशी आठ पाळ्या कोणी शब्द बोललं नाही, तरी त्याची निष्ठा होती तिथेच. राज्यकारभारात सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे दुर्लक्ष, आणि नेमकी तीच फुकट.

पाथफाइंडरकडे वळलं तरी सुटका नाही. २०११च्या जेड रीजंट या कॅम्पेनमध्ये काफिल्यातल्या चार एनपीसींसाठी नात्याचे गुण आले, आणि २०१३च्या अल्टिमेट कॅम्पेनमध्ये नाती आणि राज्य उभारणी एकाच पुस्तकात आली. पुस्तक एक, प्रकरणं वेगळी. दुसऱ्या आवृत्तीतली २०२०ची इन्फ्लुएन्सची पद्धत जास्त नेटकी आहे: यशाला १ गुण, मोठ्या यशाला २, मोठ्या अपयशाला १ वजा, शिवाय प्रत्येक एनपीसीच्या आवडीनिवडी शोधून काढायची सोय. एका मेजवानीसाठी किंवा तहाच्या बैठकीसाठी याहून चांगलं काही सापडणार नाही. पण तीही फेऱ्यांवर चालते. मेजवानी संपली की ती गप्प.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच: दर पाळीला प्रत्येकाच्या निष्ठेतून १ वजा. करू नका. छत १६ असेल तर सुरुवातच ८पासून असते, चार महिन्यांचा हिवाळा एका वाक्यात उरकला की अख्खा दरबार ४वर. मग खेळाडू भेटीगाठींचं वेळापत्रक लावतात, ‘या महिन्यात सेनापती, पुढच्या महिन्यात वकील (राजदूत)’, आणि प्रत्येक भेटीचा संवाद एकच. टेबलावरची वीस मिनिटं त्यात जातात आणि हाती काही लागत नाही. वेळेची एवढी उधळपट्टी दुसऱ्या कुठल्याही नियमाने होत नाही. यावरचा दुसरा लोकप्रिय मार्ग म्हणजे नजराणे, आणि तोही तितकाच वाईट. ८वरून १६च्या छताला पोचायला सरासरी २.५च्या हिशेबाने तीन-चार नजराणे पुरतात. तीन नजराण्यांत निम्म्या वेळा छत गाठलंच जातं. निष्ठा विकत मिळायला लागली की खजिना असलेली पार्टी दुसरं काही करतच नाही.

टिकला तो उपाय असा. वेळेची वजाबाकी नाही, वचनांची मुदत. प्रत्येक एनपीसीचं एक पोस्टकार्डाएवढं कार्ड. पुढच्या बाजूला नाव, पद, निष्ठा आणि बंध. मागच्या बाजूला दिलेली वचनं, आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या पाळीपर्यंत पुरं करायचं तो क्रमांक. निष्ठा पेन्सिलने लिहा, पेनने लिहिलंत तर दोन महिन्यांत कार्ड बदलावं लागेल. पाळीच्या अगदी सुरुवातीला, देखभालीच्या टप्प्याआधी, गड्डी उलटी करून फक्त क्रमांक बघायचे. मुदत उलटली असेल तर १डी४ वजा. वेळेत पुरं झालं असेल तर १डी४ अधिक. सल्ला लागोपाठ दोनदा डावलला तर १ वजा. नजराणा एका एनपीसीला बारा पाळ्यांत एकदाच, तोही त्याच्या बंधाशी संबंध असेल तरच मोजायचा. सगळं मिळून पाच मिनिटं. वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही.

कार्डं आठांपेक्षा जास्त नकोत. किंगमेकरच्या दुसऱ्या आवृत्तीत पदंही आठच आहेत. अष्टप्रधान आठवतील, पण इथे राजा स्वतःच त्या आठांत मोजला जातो. काही पदं खेळाडूंकडे जातात, म्हणून एनपीसींची कार्डं चार-पाचच उरतात. बाकी तीन-चार जागा शेजारचे सरदार, पुजारी, व्यापारी यांच्यासाठी ठेवा.

राज्याच्या पत्रकाशी जोडताना हात आखडता ठेवा. एखाद्या पदाधिकाऱ्याची निष्ठा ५च्या खाली गेली तर त्या पत्रकावरचा असंतोषाचा आकडा १ने वाढवायचा, पण एका पाळीत सगळे मिळून १च. कारण असंतोष १ झाला की राज्याच्या चाचण्यांना (फासे टाकून करायच्या) वजा १, ५ला वजा २, १०ला वजा ३, १५ला वजा ४, आणि २०ला अराजक. चारवर असलेलं राज्य एका रुसलेल्या वकिलामुळे पाचवर गेलं, की त्याचा फटका प्रत्येक चाचणीला बसतो. निष्ठा ० झाली तर पद रिकामं धरायचं. खजिनदार गेला तर अर्थव्यवस्थेच्या चाचण्यांना वजा १. एवढी शिक्षा पुरते, वर पैसे घेऊन पळून गेल्याचं नाट्य घुसवू नका.

अपेक्षा नसताना सगळ्यात जास्त मजा आली ती जोड्यांमुळे. दोन कार्डांवर नकाशावरच्या एकाच षट्कोनाबद्दल उलट मागण्या लिहायच्या: सेनापतीला पुलापाशी गढी हवी, खजिनदाराला तिथेच बाजार. वचन एकालाच देता येतं. बांधकामाची निवड एरवी निव्वळ बेरीज-वजाबाकी असते, आता त्यावर वाद होतो, आणि तो वाद खेळाडू स्वतःच सुरू करतात. तीन जोड्या पुरेत. चौथी आली की कोण कशावर रागावलंय हे डीएमलाच आठवत नाही.

आकडा गुप्त ठेवा असं नियम सांगतो. राज्याचा बाकी सगळा हिशेब उघड असताना हा एकच झाकून ठेवला की खेळाडूंना तो डीएमचा लहरीपणा वाटतो. उलट, उघडा ठेवला की ९ला असलेल्या माणसाला बरोबर एक नजराणा जातो. म्हणून आकडा कार्डावर, आणि टेबलावर फक्त तीन शब्द: ठाम, डळमळीत, तुटला.

नावांचा एक फालतू पण रोजचा घोळ. पाथफाइंडरच्या राज्यालाही लॉयल्टी नावाचा स्वतंत्र गुण आहे. दोन्ही नियम एकत्र वापरताना ‘लॉयल्टी किती?’ या प्रश्नाला दोन उत्तरं येतात. राज्याच्या गुणाला राजनिष्ठा आणि एनपीसीच्या आकड्याला निष्ठा म्हणायचं पहिल्याच सेशनला ठरवून टाका.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. पदाधिकारी मेला आणि त्याच्या जागी त्याची मुलगी आली, तर बापाला दिलेली वचनं तिच्या कार्डावर उतरवायची का? उतरवली तर पहिल्याच पाळीत तीन मुदती उलटतात. नाही उतरवली, तर खेळाडू म्हाताऱ्या पदाधिकाऱ्यांनाच मोठमोठी वचनं देऊ लागतात.