मात्झो बॉलचं तयार पाकीट, पालक-गाजर-बीट घालून

आमची विहीण ज्यू. दर वर्षी पासओव्हरच्या सेडरला, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाला, आम्ही न्यू जर्सीत तिच्याकडे असतो. यंदा म्हणाली, "सूप माझं, गोळे तुमचे. भाज्या घालून रंगीत करा, म्हणजे नातवंडं खातील."

गोळे म्हणजे मात्झो बॉल. मात्झो ही बिनखमिराची कडक, पापडासारखी रोटी; तिचा रवाळ चुरा, अंडी आणि तेल. आपल्या गोळ्याच्या आमटीच्या जवळपासचं प्रकरण, पण बेसन नाही. विहिणीचं घर अश्केनाझी, म्हणजे मूळ मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंचं, त्यामुळे त्या आठ दिवसांत डाळी-तांदूळही बंद.

मी दुकानातलं तयार मिश्रण आणलं. खोक्यात दोन पाकिटं. एकाला दोन अंडी, दोन टेबलस्पून तेल, पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये, मग झाकण ठेवून वीस मिनिटं उकळायचं. घेताना 'पासओव्हरसाठी कोशर', म्हणजे सणाच्या आहारनियमांत बसणारं, हे छापलंय ना, ते बघा. वर्षभर मिळणाऱ्या सगळ्याच खोक्यांवर ते नसतं. पहिल्या वर्षी मी तसलंच नेलं होतं. विहीणबाईंनी चष्मा लावून उलटसुलट केलं आणि काही न बोलता गराजमध्ये नेऊन ठेवलं.

साधे गोळे खोक्यावर लिहिलंय तसे केले तर छान हलके होतात. भाजी घालायची तर मात्र खोकं काही मदत करत नाही. पालकाचा माझा पहिला घाणा पाण्यात पडल्या पडल्या विरघळला. पातेल्यात हिरवा गाळ! दुसऱ्या वेळी पालक वाफवला, पंचात बांधून पिळ पिळ पिळला, लिंबाएवढा गोळा उरला तो बारीक वाटला, आणि वरून दोन चमचे साधा मात्झोचा चुरा घातला. फ्रिजमध्येही पंधरा मिनिटांऐवजी पाऊण तास. मग ओल्या हातानं, दाबून न वळता, सुपारीपेक्षा थोडे मोठे केले. शिजल्यावर दुप्पट फुगतात, म्हणून पातेलं रुंद घ्या.

गाजर उकडून घातलं तर नुसता रंग येतो. ओव्हनमध्ये भाजून घातलं तर चवही येते, गोडसर. बिटाचे गोळे वेगळ्या पाण्यात उकळा, नाहीतर सगळेच गुलाबी होतात. इतकं करून बीट शिजल्यावर फिकटच पडतं. पुन्हा करणार नाही.

मिश्रण खारट आहे, ही माझी तक्रार. वरून चिमूटभरही मीठ नको, सूपही अळणीच ठेवा. मी सवयीनं हिंगाची डबी काढली होती, पण तिच्यावर घटकांत गव्हाचं पीठ, म्हणजे गेली परत फडताळात. तेलाऐवजी तूप घालू का विचारलं, तर तेही नाही, कारण सूप कोंबडीचं आणि मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही. शेवटी सुवासाला शेपूच घातला. तो त्यांच्याही सूपात असतोच.

पाचपैकी साडेतीन तारे. साध्या गोळ्यांना चार दिले असते.

नातवंडांनी पालकाचे आधी संपवले. विहिणीच्या आईनं हिरवा गोळा चमच्यानं दाबून पाहिला, "तरंगतोय" म्हणाल्या, आणि साधा मागितला. मी एक पाकीट साध्यासाठी राखलं होतं म्हणून बरं.