आरएक्स ६६०० : दिवाळी ते पावसाळा वापरून झाल्यावर

ओळखीतल्या कुणाला ना कुणाला दर महिन्याला पीसी असेंबल करायचा असतो आणि प्रश्न तोच, वीस हजाराच्या आतबाहेर गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ. दिवाळीला मी एएमडीचं आरएक्स ६६०० घेतलं, ८ जीबीवालं, दोन फॅनचं साधं मॉडेल, आता पावसाळा संपत आला. बाकी मशीन म्हणजे रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, जुनाच बी४५० बोर्ड आणि ७५ हर्ट्झचा (सेकंदाला ७५ फ्रेम, म्हणजे चित्रं, दाखवणारा) १०८०पी मॉनिटर. खरं तर कार्ड ठरवलं ते या मॉनिटरनेच, पण दुकानात ते कोणी विचारत नाही.

दुकानात (आणि पेठेत शनिवारी गाडी लावायला जागा मिळाली तरच दुकानात) पहिलं नाव निघतं एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० चं. आता ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं आहेत हे आधी डोक्यात फिट करा. २०२२ चं ८ जीबीचं, जे १३० वॅट खातं, आणि २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं, ज्यात कोअर कमी, मेमरी बस (मेमरीकडे जाणारा रस्ता) अरुंद, ९६ बिट, पण फक्त ७० वॅट. खोक्यावर नाव तेच, म्हणून जीबी वाचल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. आणि नेहमीच्या गेममध्ये ६६०० हे मोठ्या ३०५० च्याही चांगलंच पुढे आहे. तरी लोक एनव्हिडियाच्या हिरव्या खोक्याकडे का जातात तर आरटीएक्स हे नाव, म्हणजे मित्राला सांगताना बरं वाटतं एवढंच. रे ट्रेसिंग (गेममधला उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणं) चालू केलं की या रेंजमधलं कुठलंही कार्ड धापा टाकतं, मग त्यासाठी पैसे मोजायचे कशाला.

त्याहून स्वस्त म्हणून एएमडीचंच आरएक्स ६५०० एक्सटी सुचवतात. ते नकोच. ४ जीबी, वर त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड बोर्डला जोडणाऱ्या स्लॉटच्या) चारच लेन, त्यामुळे माझ्यासारख्या जेन ३ च्या, म्हणजे जुन्या पिढीच्या स्लॉटच्या बोर्डवर ते अजून मागे पडतं, आणि व्हिडिओ एन्कोडरच नाहीये म्हणजे रेकॉर्डिंग-स्ट्रीमिंगचा सगळा भार सीपीयूवर. ६६०० ला आठ लेन आहेत, जेन ३ वर बसवलं तरी मला फरक जाणवला नाही.

सेकंड हँडचाही विचार केला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं कार्डांवर होणारं मायनिंग बंद झालं आणि त्यात राबलेली कार्डं बाजारात आली, अजूनही फिरतायत, घासूनपुसून चकाचक केलेली. आरएक्स ५८० घेताना २०४८एसपी लिहिलंय का बघा, ती कमी कोअरची आवृत्ती आहे. एनव्हिडियाचं जीटीएक्स १६६० सुपर चांगलं कार्ड होतं, पण त्यात रे ट्रेसिंगचं हार्डवेअरच नाही आणि आता ‘डूम : द डार्क एजेस’सारख्या गेमला ते लागतंच, तिथे एएमडीचं किमान कार्ड म्हणून ६६०० चंच नाव दिलंय. म्हणजे आपलं कार्ड आता उंबरठ्यावर आहे हेही खरं.

गेमचं म्हणाल तर व्हॅलोरंटला हे कार्ड जास्तच होतं, तिथे काम सीपीयूचं. रेड डेड २ हाय-मिडीयम सेटिंग मिक्स करून साठ फ्रेमच्या आसपास, सायबरपंक मिडीयमला तेवढंच, गर्दीच्या भागात खाली येतो. एल्डन रिंग तर साठच्या वर जातच नाही, गेममध्येच लॉक आहे. एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवायची एएमडीची सोय) मी सहसा बंदच ठेवतो, १०८०पीला झाडं-तारा-केस सगळं चुरचुरतं, क्वालिटी मोडवर ठीक, त्याखाली नको. इथे एनव्हिडियाची तशीच सोय, डीएलएसएस, खरंच सरस आहे, हे मान्य करायला लागतं.

खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. आमचं घर सिंहगड रोडला, खोली गच्चीखालची, दुपारी स्लॅब तापला की फॅन भुंग्यासारखे सुरू. तेव्हा दोन गोष्टी केल्या आणि त्याच या सगळ्यात सगळ्यात उपयोगी आहेत. एक, फ्रेम ७५ ला लॉक केल्या, कारण मॉनिटर त्याहून जास्त दाखवतच नाही, मग कार्डाने उगाच दीडशे काढून खोली तापवायची कशासाठी. दोन, एएमडीच्या अ‍ॅड्रेनलिन सॉफ्टवेअरमधून कार्डाचं व्होल्टेज थोडं थोडं खाली आणलं, दर वेळी तासभर खेळून बघायचं, क्रॅश झालं की एक पायरी वर. १३२ वॅटचं कार्ड शंभरच्या आसपास आलं, फ्रेम तेवढ्याच, आवाज निम्मा. सगळं मशीन मिळून अडीचशे वॅट धरलं तर चार तासाला एक युनिट पडतं, आता हा आकडाही खाली आला असणार, म्हणून घरात बिलावरून बोलणी नाहीत.

धूळ हा वेगळाच विषय. रोडवर कायम काहीतरी खोदलेलं असतं, समोरची जाळी भरते. ब्लोअर मारताना फॅनच्या पात्याला बोट लावून धरा, मोकळा फिरू देऊ नका, बेअरिंग जातं.

एसएमपीएसवर, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायवर, मात्र कंजुषी नको. एकच ८ पिनचा कनेक्टर लागतो, चांगल्या कंपनीचा ४५० ते ५०० वॅटचा ब्राँझ पुरतो, पण कॅबिनेटसोबत फुकट येतो तो डबा या कार्डाला लावू नका. ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर लाईट गेल्यावर सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळतो, खेळत बसायला नाही. आणि बिल पक्कंच घ्या, १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या बिलावर घेतलंत तर वॉरंटीच्या वेळी कोणी दारात उभं करणार नाही.

ज्याला ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) किंवा एआयचं काही करायचंय त्याने हे घेऊ नये. ब्लेंडर यावर चालतं, पण अर्धी टूल्स कूडा (फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर चालणारी प्रणाली) मागतात आणि तिथे आपण अडकतो. आमच्या हडपसरच्या मित्राला तेच काम होतं, त्याने १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० घेतलं, थोडे जास्त गेले पण त्याच्यासाठी बरोबर. माझं म्हणाल तर १४४०पीचा मॉनिटर येत नाही तोवर हेच राहणार, आणि तो या दिवाळीला तरी येत नाहीये.