झुलिप या गटचर्चेच्या अ‍ॅपवर आठ महिने: शब्दसूचीचे काम सर्वांसमोर मांडल्यानंतरचा अनुभव

फोंड्यात राहणारे आम्ही तिघे हन्स्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी मराठी शब्दसूची तयार करतो. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स हन्स्पेलच वापरतात. मात्र गोव्यातील गावे आणि आडनावे सूचीत नसल्याने माशेल, केपे किंवा काणकोण लिहिले की शब्दाखाली लाल रेघ उमटते. ती रेघ जावी, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

आमचे काम गिटहबवर, म्हणजे प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांतील बदल ठेवण्याच्या संकेतस्थळावर, पहिल्या दिवसापासून खुले होते, तरी दोन वर्षांत बाहेरचे कोणी फिरकले नाही. खरी चर्चा आमच्या खासगी व्हॉट्सअ‍ॅप गटात चालत असे आणि बाहेरच्या माणसाला दिसत असे ती महिन्याकाठी एखादी ‘शब्द वाढवले’ अशी त्रोटक नोंद. प्रकल्प बंद पडला का, असे एका परिचिताने विचारले तेव्हा फार वाईट वाटले, कारण त्याच आठवड्यात आम्ही रात्री जागून सामान्यरूपांचे नियम लिहीत होतो.

त्यानंतर आम्ही सगळी चर्चा झुलिपवर नेली. झुलिप स्वतः मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला असलेले) आहे आणि मुक्तस्रोत प्रकल्पांना अर्ज केल्यावर ते विनामूल्य मिळते. परंतु आमच्या दृष्टीने निर्णायक ठरल्या त्या दोन सोयी. प्रत्येक संदेश कोणत्या ना कोणत्या टॉपिकखाली जात असल्याने चार दिवसांनी आलेल्या माणसालाही एका शब्दावरची संपूर्ण चर्चा सलग वाचता येते, आणि २०२२ पासून एखादे चॅनेल लॉग-इन न करताही कोणालाही वाचता येईल असे ठेवता येते.

सुरुवातीला आमच्या हातून एक मोठी चूक झाली. गिटहबवरील घडामोडींची सूचना आपोआप चॅनेलवर पाठवणारी जोडणी, म्हणजे वेबहुक, जोडताना आम्ही सर्वच घडामोडी निवडल्या, त्यामुळे चॅनेलवर दिवसभर यंत्राच्या सूचनांचा पाऊस पडू लागला आणि महिन्याभरात आमच्यापैकीच एकाने ते चॅनेल म्यूट केले. आता फक्त इश्यू (नोंदवलेल्या अडचणी), पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) आणि मुख्य शाखेतील, म्हणजे सूचीच्या मूळ प्रतीतील, बदल तेवढेच तेथे येतात. शिवाय दर रविवारी आमच्यापैकी एक जण या आठवड्यात काय झाले आणि कोठे अडले, हे पाच-सहा ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहितो. माझ्या मते वाचक टिकले ते या ओळींमुळे. काय बदलले हे वेबहुक सांगते, पण का बदलले आणि कोणाची मदत हवी आहे हे माणसालाच लिहावे लागते.

अशाच एका रविवारच्या नोंदीत आम्ही गावांच्या नावांची काही रूपे तपासण्यासाठी मांडली होती. साखळीच्या एका निवृत्त शिक्षिका खाते न उघडता चॅनेल वाचत असत, ती नोंद पाहून त्यांनी मुद्दाम खाते काढले आणि लिहिले, “फोंडात नव्हे, फोंड्यात. पेडणेत नव्हे, पेडण्यात.” या दोन्ही नावांना सामान्यरूपाचा नियम लावायचा राहून गेल्यामुळे आमची सूची चुकीचे रूप स्वीकारत होती आणि बरोबर रूपाखाली रेघ ओढत होती. दुरुस्ती किरकोळ होती. संबंधित फाइलीत प्रत्येक नावापुढचे एक चिन्ह बदलावे लागले. परंतु ती चर्चा टॉपिकमध्ये जशीच्या तशी राहिल्याने नंतर आलेल्या दोन विद्यार्थ्यांनी ती वाचून तसल्याच आणखी नावांची पुल रिक्वेस्ट स्वतःहून पाठवली. बाईंना गिट (फाइलींतील बदल नोंदवण्याचे साधन) येत नाही आणि त्यांनी ते शिकावे असा आग्रहही आम्ही धरत नाही. त्या टॉपिकमध्ये लिहितात, आम्ही सूचीत उतरवतो आणि नोंदीत श्रेय त्यांच्या नावावर ठेवतो.

यात वेळ जातो, हे मोकळेपणाने सांगायला हवे. सर्वांसमोर विचारलेला प्रश्न आठवडाभर अनुत्तरित राहिला तर ओसाड प्रकल्पापेक्षाही ते वाईट दिसते, म्हणून उत्तर देण्याची पाळी आम्ही तिघांत वाटून घेतली आहे. दोन-तीन माणसांचा प्रकल्प चालवणाऱ्यांनी आधी आपली रोजची चर्चा सार्वजनिक चॅनेलवर आणावी आणि वेबहुक महिन्याभराने जोडावे. आम्ही नेमके उलट केले आणि त्यात पहिले दोन महिने गेले.